आबा सणसाची हवा

"हवा मिळायची न्हाई," आबा सणस म्हणाला आणि हवेच्या मशीनवर हात ठेवून उभा राहिला. जणू मशीन म्हणजे त्याची गाभण म्हैस होती आणि आम्ही तिला दृष्ट लावायला आलो होतो.

"आबा, हवाच मागतोय," मी म्हणालो. "तुमची पोरगी न्हाई मागत."

"पोरगी मागितली असतीस तर विचार तरी केला असता, बयाजी. हवा न्हाई."

जीपमध्ये माझी चांगुणाआत्या बसली होती. ती खाली उतरली, पदर खोचला आणि आबाच्या समोर जाऊन उभी राहिली. दोघं एका वयाची, एकाच शाळेत पाटीवर थुंकून अक्षरं पुसलेली. त्यामुळे अख्ख्या खोऱ्यात आबाला अरेतुरे करणारी ती एकटीच.

"मशीन तुझं, कबूल," आत्या म्हणाली. "पण हवा कुणाची रं आबा?"

"मशीनात गेली की माझी."

"आन् तुझ्या नाकात गेल्याली? ती पण ठेवून घेतूस, का सोडतूस परत?"

गिरणीच्या ओट्यावर दळणाला बसलेली माणसं हसली. आबाने नुसती मान वळवली. हसू असं बंद झालं की मागे गिरणीचा पट्टा फिरत होता तेवढाच आवाज राहिला.

धावडशेत हे घाटाच्या पायथ्याचं गाव. खोऱ्यातली एकुलती एक पिठाची गिरणी तिथे, आणि हवेचं मशीनही तिथेच. दोन्ही एकाच पत्र्याच्या शेडमध्ये, दोन्ही आबाची. आम्ही वरच्या माळावरचे, कारवीवाडीचे. मधला घाट असा, की शेळी चढताना देवाचं नाव घेते आणि उतरताना विम्याची चौकशी करते. त्या घाटात चालणारी गाडी एकच, माझी जीप. ती लष्करातून लिलावात निघाली होती. कोणत्या लढाईत होती ते मी गिऱ्हाईक बघून सांगत असे. टायर मात्र खरोखर लढाईतून आल्यासारखे दिसायचे. आतल्या ट्यूबांना इतकी ठिगळं होती की त्यांची गोधडीच झाली होती. सकाळी हवा भरली की दुपारी टायर मान टाकायचे. स्टेपनी नव्हती. तिच्या जागी लोक कोंबड्यांची पाटी ठेवायचे.

आबाने हवा अडवली ती मात्र माझ्यावरच्या रागाने नव्हे. गिरणीसमोरच्या वडाखाली एक ऑइल इंजिन आणि जात्याचे दोन दगड येऊन पडले होते. वाईहून ट्रकवाला आला, घाटाकडे एकदा बघितलं, इंजिन उतरवलं आणि नमस्कार करून गेला. इंजिन आत्याचं. तिला कारवीवाडीत गिरणी टाकायची होती.

त्याआधी झालं होतं ते असं. ग्रामसभेत आत्याने सरपंच आबाला विचारलं होतं, "आबा, कारवीवाडीचा नळ कागदावर आला, त्याला पाणी कवा येणार?" तेवढंच. पुढच्या महिन्यात तिच्या लेकीचं लग्न. लग्नाचे गहू दोन दिवस आबाच्या गिरणीत पडून राहिले. "पट्टा तुटलाय," आबा म्हणायचा, आणि पट्टा त्याच्या पाठीमागे फिरत असायचा. वऱ्हाडाला नुसत्या भातावर उठवावं लागलं. व्याह्यांनी तोंडाने काही म्हटलं नाही, पण उठताना जो पाण्याचा तांब्या आपटला, तो आत्याच्या कानातून गेला नव्हता. तिने म्हैस विकली, पाटल्या विकल्या आणि वाईचा रस्ता धरला.

आता इंजिन वर चढायला आठवडाभराचाही अवकाश नव्हता. मिरगाचा पाऊस पडला की घाट दसऱ्यापर्यंत बंद. आबा तेच सांगत होता.

"ऱ्हाऊ दे की वडाखाली. पावसात चांगलं गंजू दे. दसऱ्याला भंगारात मीच घेईन. तुझं नुकसान कशाला करू, चांगुणे?"

आत्या जीपकडे वळली आणि म्हणाली, "बयाजी, चल. हवेचं आपण बघू."

"कुठली बघायची?" मी म्हणालो.

"देवानं एवढी मोकळी सोडलीय. तुला टायरात मावंल एवढी मिळंना व्हय?"

जीप कशीबशी ओढ्यापर्यंत नेली. आत्याचा नवरा, गेनूमामा, आणि वाडीतली सातआठ माणसं इंजिन उचलायला खाली आलेलीच होती. गेनूमामाच्या गळ्यात ढोल होता. इंजिन वाजत-गाजत वर न्यायचं, नवरीसारखं, असं त्याने ठरवलं होतं. मामा बोलायचा कमी. जे बोलायचं ते ढोलावर.

चाकं काढली, ट्यूबा बाहेर ओढल्या. पोस्टमनचा सायकलचा पंप मागून आणला होता. हवा भरून पहिली ट्यूब ओढ्यात बुडवली तर बुडबुडे एका जागी येईनात. जिलेबीच्या कढईसारखा सगळा ओढाच उसळला. मासे बिचारे बाजूला सरकले. चारही ट्यूबांची तीच गत. होते तेवढे पॅच लावले, सोल्युशनची नळी गुंडाळून गुंडाळून पिळली, शेवटी गेनूमामाच्या जुन्या रबरी चपलेचे तुकडे लावले. टायर फाटला होता तिथे आतून दुसऱ्या टायरचा तुकडा घातला. पण ट्यूबा पाझरायच्या त्या पाझरतच राहिल्या. भोक असतं तर बुजवता आलं असतं. ही तर चाळण होती.

आत्या दगडावर बसून बघत होती. शेजारी आमच्या जेवणाचं मोठं गाडगं. त्यात नाचणीची आंबील.

"नवं गाडगं पाझरतं, तवा बाया काय करत्यात?" तिने विचारलं.

"कुंभाराला शिव्या देत्यात," मी म्हणालो.

"त्याच्यात पेज शिजवत्यात, मुडद्या. पेज बारीक भोकांत जाऊन बसती. मग गाडगं थेंब सांडत न्हाई."

मी ट्यूबकडे बघितलं, गाडग्याकडे बघितलं आणि आत्याकडे बघितलं. ती हसत नव्हती.

"आत्या, आगं लोक काय म्हणतील? जीपला जेवायला घातलं?"

"आजवर उपाशी पळवलीस, तवा कोण काय म्हणलं का?"

व्हॉल्वमधली पीन काढली, नसराळं लावलं आणि चारही ट्यूबांत आंबील ओतली. त्या दिवशी आम्ही दहा माणसं उपाशी राहिलो आणि चार ट्यूबा जेवल्या. मग पाळीपाळीने पंप मारला. चाकं चढवली, ओढ्यात जरा मागे-पुढे फिरवली. आता खोटं का सांगू, पहिल्यांदा आंबील दहा ठिकाणांहून बाहेर आली. मग आठ. मग दोन. मग ट्यूबा गप्प बसल्या. हवा पुरेशी नव्हती, सायकलच्या पंपाने किती भरणार. पण होती ती जागची हलेना. तिथेच ओढ्याकाठी पथारी पसरून आम्ही झोपलो.

एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नव्हती. पेज वेगळी आणि आंबील वेगळी. आंबील चांगली दोन दिवसांची आंबवलेली होती, आणि गेनूमामाला गोड लागते म्हणून आत्याने त्यात गुळाची ढेप फोडून घातली होती. त्यात वैशाखाचं ऊन आणि वरून रबराचं झाकण. सकाळी उन्हं चढली तशी जीप हळूहळू वर उचलली जाऊ लागली. मी आधी समजलो, मलाच भुकेने चक्कर येतेय. टायर असे टम्म झाले होते की त्यांच्यावर टिचकी मारली तर गेनूमामाने ढोल काढून सूर जुळवला असता.

"आंबील फुगलीय," मी आत्याच्या कानात म्हणालो.

"फुगू दे," आत्या म्हणाली. "कुणाला सांगू नगं."

जीप वडाखाली आणली. वाशांवरून इंजिन आणि दगड मागे चढवले, दोरांनी आवळले. दळणाला आलेली माणसं ओट्यावरून बघत होती. मी पान्हा ठेवतो न ठेवतो तोच आबा आला. बरोबर पोलीस पाटील निवृत्ती गोळे. गोळे पाटील टोपी घालायच्या घाईत सदऱ्याची गुंडी चुकीच्या काजात घालून आले होते.

"पाटील, हीच गाडी," आबा म्हणाला. "राती माझ्या मशीनची हवा चोरलीय."

पाटलांनी जीपभोवती एक चक्कर मारली. "हवा?"

"हवा."

"आबासाहेब, कोंबडी चोरली तर पिसं सापडत्यात. हवेचा पंचनामा कसा करायचा?"

"काल सांजेला टायर जिमिनीला चिकटल्यालं. आख्ख्या गावानं बघितलंय. आता बघा, टम्म! खोऱ्यात मशीन एक. मग हवा कुणाची?"

पाटलांनी टायर दाबून बघितला. अंगठा दुखला तसा सोडला. "आबासाहेबांच्या बोलण्यात वजन हाय, बयाजी."

"असंल की," मी म्हणालो. "आबा, पण तुमची हवा तुम्हाला वळखू यील का?"

"न यायला काय झालं?"

आत्या पुढे झाली. "मग आबा, तुझी हाय ती काढून घे. माज्या लेकीचं गहू जसं ठेवून घेतलंस, तशी घे. पण तुझी न्हाई निघाली तर?"

सगळा ओटा ऐकत होता. आबाला मागे सरता येईना. "न्हाई निघाली तर ह्या हातानं चारी चाकांत फुकट हवा भरून दीन."

"ऐकलं का रं समद्यांनी?" आत्या म्हणाली.

आबा मागच्या चाकाशी बसला. व्हॉल्व अगदी खाली, जमिनीजवळ आला होता. त्याने मान वाकडी केली, तोंड जवळ नेलं. मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं असं काही लोक म्हणतात. त्याने टोपण काढलं आणि काडीने पीन दाबली.

पहिल्यांदा नुसतं खेकसल्यासारखं झालं. मग असा फवारा आला, की आबाचं धोतर, सदरा, मिशी, टोपी, सगळं एका दमात नाचणीच्या रंगाचं. काडी अडकली ती निघेना. आबा ओरडायला तोंड उघडी आणि ते भरून जाई. फेस उडाला तो वडाच्या खालच्या फांद्यांपर्यंत गेला. वरचे दोन कावळे त्यानंतर दुपारपर्यंत तिरके उडत होते.

फवारा थांबला. गोळे पाटील पुढे झाले, आबाच्या खांद्यावरून बोट फिरवलं आणि चाखलं.

"आबासाहेब, ही तुमची हवा न्हवं," ते म्हणाले. "ही आंबील हाय. गूळ जरा ज्यादा पडलाय."

मग जो हशा उठला, तो आबाने मान वळवूनही थांबेना.

पण एवढ्यात मागचं चाक बसलं होतं. सपशेल. आणि त्याच्यावरच इंजिनाचा सगळा भार. माझं हसू तिथेच संपलं. दुसरी आंबील नव्हती.

"आबा, भर हवा," आत्या म्हणाली. "बोलला हायेस."

आबाने मिशी पुसली. सावकाश शेडमध्ये गेला, मशीनच्या खोलीला कुलूप घातलं आणि ओट्यावर येऊन उभा राहिला. आता तो ओरडत नव्हता. म्हणून जास्त भीती वाटली.

"नीट ऐका," तो म्हणाला. "ह्या गाडीला धावडशेतातल्या कुणी हात लावला, तर त्याचं दळण माझ्या गिरणीत यायचं न्हाई. आज न्हाई, दसऱ्याला न्हाई, पोराच्या लग्नाला पण न्हाई. आता कुणाला हसायचंय, हसा."

कुणी हसलं नाही. ओट्यावर डबे रांगेत मांडलेले. प्रत्येकजण आपापल्या डब्याकडे बघत होता.

आत्याने माझ्या हातातला पंप घेतला. चाकाशी उकिडवी बसली, नळी लावली आणि मारायला लागली. ट्यूबेच्या चिरा आंबिलीने बुजल्या होत्या, हवा आत राहत होती, पण जीपचं चाक आणि सायकलचा पंप. हौद वाटीने भरावा तसं. तिचा दम लागला तसा मी घेतला. माझ्यामागून वाडीची माणसं. ऊन डोक्यावर आलं आणि टायर जमिनीपासून बोटभर उचलला नव्हता.

"मामा," आत्या नवऱ्याला कधी नावाने हाक मारत नसे, माझ्यासारखंच मामा म्हणे. "वाजवा."

"नवरीचं?" गेनूमामाने विचारलं.

"न्हाई. इर्जिकीचं."

गेनूमामाने एकदा आबाच्या शेडकडे बघितलं आणि इर्जिकीचा ठेका धरला.

आमच्या डोंगरात इर्जिकीचा ढोल म्हणजे साधी गोष्ट नव्हे. एखाद्याचं काम एकट्याने उरकत नसलं की त्याच्या दारात तो ठेका वाजतो. वाजला की हातातलं टाकून जायचं. भांडण असलं तरी जायचं, सुतक असलं तरी बांधावर उभं राहून तोंड दाखवायचं. आणि जो जाणार नाही त्याच्या रानात पुढे कुणी पाऊल टाकत नाही. हे कुठे लिहिलेलं नाही. गेनूमामाने तो ठेका आजवर कधी टायरासाठी वाजवला नव्हता, कुणीच नव्हता.

ओट्यावरची माणसं चुळबुळायला लागली. एका कानात आबा आणि दुसऱ्या कानात ढोल.

"बंद कर ते!" आबा ओरडला.

गेनूमामाने डोळे मिटले आणि आणखी जोरात वाजवला.

पहिली उठली ठकूआजी. तिचा नंबर आला होता. डबा जात्याच्या तोंडाशी नेऊन ठेवलेला, नुसता ओतायचा राहिला होता. तिने तो तसाच उचलला, बाहेर आणला, जीपच्या बॉनेटवर ठेवला आणि माझ्याकडे आली.

"सर," ती म्हणाली. "मरतुकड्यागत मारतूस. सासऱ्याच्या रानात असा नांगर धरला असतास तर सासऱ्यानं बायकू माघारी नेली असती."

"आजी!" आबा म्हणाला. "तुज्या घरात सात खाणारी तोंडं हायेत. ध्यानात ठेव."

"तोंडं माजी हायेत," आजी पंप मारत म्हणाली. "तुला मोजाया कुणी सांगितलं?"

तिने किती मारला असेल? पाचसात वेळा. पण तिच्यामागे दुसरा उभा राहिला, मग तिसरी. मग रांग. बायका भलरी म्हणायला लागल्या, गाण्याच्या ओळीला पंप खाली आणि ओळीला वर. पंप इतका तापला की पोस्टमन त्याच्यावर पाणी ओतत उभा राहिला. पोस्टमन सरकारी माणूस, तो म्हणाला, मी हात लावत नाही, मी फक्त सरकारी पंपाची काळजी घेतोय. गोळे पाटलांनी टोपी काढून खिशात घातली. "टोपी नसली की मी पाटील नसतो," म्हणाले, आणि रांगेत लागले.

शेडमध्ये गिरणी रिकामीच फिरत होती. दगडावर दगड घासल्याचा तो आवाज फार वाईट असतो. शेवटी आबाच्या गिरणीवर काम करणाऱ्या हरबाने इंजिन बंद केलं.

चाक उभं राहिलं. मी जीप सुरू केली, आणि तेव्हा मागे बघितलं तर एकही डबा ओट्यावर राहिला नव्हता. माणसांनी डबे डोक्यावर घेतले होते. आबाच्या गिरणीत दळण मिळणार नव्हतं. पीठ तर पाहिजेच होतं. इंजिन चाललं होतं तिकडे ती निघाली.

घाट कसा चढलो ते सांगायला बसलो तर तुमचं जेवण थंड होईल. तीन चाकांतली आंबील उन्हाने चढत होती, म्हणून प्रत्येक वळणावर उतरून त्यांना ढेकर द्यायला लावायचं. चौथ्यातली हवा इंजिनाच्या भाराने हळूहळू उतरत होती, म्हणून प्रत्येक वळणावर ते भरायचं. कठीण जागी दोर लावून ओढलं. अर्ध्या घाटातून शेळ्या मागे लागल्या त्या टायर चाटत वाडीपर्यंत आल्या. त्यांतल्या एकीने पुढे वर्षभर आंबट दूध दिलं. विश्वास ठेवू नका हवं तर, पण ती शेळी माझीच होती.

कारवीवाडीत कट्टा बांधून तयार होता. इंजिन बसवलं, दगड बसवले, पट्टा ओढला. आणि मग कळलं की इंजिन सुरू कसं करायचं ते आमच्यातल्या कुणालाच येत नाही. वाईचा फिटर येतो म्हणाला होता. तो अजून येतोच आहे. मी हँडल मारलं, ते उलटं फिरलं आणि मनगट सुजलं. वाडीतल्या दांडग्या गड्यांनी मारलं. इंजिन एकदा खोकायचं आणि गप्प. डबेवाली माणसं अंगणात बसून बघत होती. त्यांच्यात कुजबुज सुरू झाली. आत्या इंजिनावर हात ठेवून उभी होती, आणि तिचा चेहरा मी त्याआधी एकदाच तसा बघितला होता, वऱ्हाडाच्या पंगतीत.

तेवढ्यात पायवाटेने हरबा वर आला. घामाघूम.

"आबांनी सांगावा धाडलाय," तो कुणाकडे न बघता म्हणाला. "जो आत्ता खाली यील त्याचं दळण आधी. झालं-गेलं इसरलं. आन् जो येणार न्हाई..." पुढचं त्याने गिळलं.

माणसं एकमेकांकडे बघू लागली. एक बाई उठली. तिने डबा उचलला, पुन्हा ठेवला, उभीच राहिली.

ठकूआजी तेवढी आपल्या डब्यावर जाऊन बसली. "हरबा," ती म्हणाली, "आबाच्या इंजिनाला हँडल कोण मारतं?"

"मीच की."

"मग हितं काय बघतूस?"

हरबा इंजिनाकडे बघत राहिला. आत्या बाजूला सरली, एवढंच. हरबाने खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या अंगावर टाकला, तळहातांवर थुंकला, आतला कसलासा खटका बोटाने उचलून धरला आणि हँडल फिरवलं. दोनदा सावकाश. तिसऱ्यांदा असं, की पत्र्यावरची धूळ खाली आली. इंजिन खोकलं, खोकलं आणि चालू झालं.

ठकूआजीने डबा उचलून जोंधळे जात्यात ओतले. खालून पांढरं पीठ यायला लागलं तसा तिने त्यात हात धरला, गरम आहे का बघितलं.

"जा आता," ती हरबाला म्हणाली. "आबाला सांग, माजं दळण लागलंय."

हरबा पट्ट्याचा ताण बघत होता.

"तुमीच सांगा, आजी," तो म्हणाला. "मी कुठं आता खाली चाललोय?"